अर्थिंगला पाणी

सुरतेजवळच्या भेस्तानला आजही एखाद्या जुन्या लूमवाल्याला वाल्मिक वायरमनबद्दल विचारा. तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "अर्थिंगले पाणी पाजनारा वाल्मिक ना?" माणसाची ओळख अशी एका लोट्याशी बांधली गेली की जन्मभर सुटत नाही. वाल्मिकला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुणी चेष्टा केली तर तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, की उन्हाळ्यात माणसाच्या आधी अर्थिंगला तहान लागते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठचे कापड विणायचे चौऱ्याऐंशी लूम होते आणि त्यांच्या मोटारी, स्टार्टर, फ्यूज, दिवे, पंखे असं सगळं वाल्मिकच्या हवाली होतं. तो मूळचा धुळ्याकडचा. सकाळी भेस्तानहून सायकल मारत कारखान्यात पोचला की बाकीचे लोक चहाच्या टपरीकडे वळायचे आणि हा टाकीवरून लोटा भरून कारखान्याच्या मागे जायचा. तिथं जमिनीत खड्डे करून, मीठ-कोळसा भरून तांब्याच्या पट्ट्या पुरलेल्या होत्या. लूममध्ये कुठं वीज अंगाबाहेर उतरली तर ती माणसातून न जाता या पट्टीवाटे जमिनीत जावी, म्हणून हे अर्थिंग. पण जमीन ओली असेल तरच ती वीज नीट पिते. म्हणून वाल्मिक रोज एकेका खड्ड्यात लोटा रिकामा करायचा. त्याची बायको रंजना कपाळावर हात मारून म्हणायची, "घरनी तुळस वाळी गई, आन् तठे शेठना खड्डासले पाणी!"

कारण रंजनालाही ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ दत्तू एकोणीस वर्षांचा असताना विजेचा धक्का बसून लूमला चिकटून गेला होता. दोघं भाऊ एकाच गाडीनं सुरतेला उतरले होते, एकाच खोलीत राहिले होते, एकाच ताटात जेवले होते. त्या लूमची अर्थिंगची तार कुणीतरी कापून ठेवली होती. का, तर ती येता-जाता पायात यायची. एवढंच कारण. त्यानंतर वाल्मिक वायरमनकी शिकला आणि त्याच्या हातून वायरिंग झालेल्या प्रत्येक लूमला एक नाही, दोन अर्थिंग असत. कारखान्याच्या मोटारीला नियमानं दोन लागतातच, पण नियम पाळणारे किती होते ते तेव्हाच्या सुरतेत राहिलेल्यांनी सांगावं. वाल्मिकचं पुढं इतकं झालं की घरचा मिक्सर, शेजाऱ्याचा कूलर, गणपतीच्या मांडवातला पत्रा, जे जे लोखंडाचं दिसेल त्याला हा तार बांधायचा. अर्थिंग नसलेली वस्तू दिसली की त्याला जेवण गोड लागत नसे.

त्याच्याच गल्लीत चिंधाआप्पा राहायचे. दिवसा लूम चालवायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. त्या वस्तीतली खान्देशी माणसं तेव्हा एकमेकांना धरून होती. सुरतेतल्या प्लेगच्या वर्षी सगळी एकाच पॅसेंजरला लटकून गावी पळाली आणि एकाच पॅसेंजरनं परत आली. आणि वस्तीतली एकही मुलगी चिंधाआप्पांच्या क्लॅरिओनेटशिवाय सासरी गेली नाही. बोळवणीला ते एक चाल वाजवायचे. तिला शब्द नव्हते, नाव नव्हतं. खालच्या सुरावरून आप्पा एका दमात वर चढायचे, मध्ये कुठंही पाऊल न टेकता, आणि वर पोचून तितक्याच हळू खाली घसरायचे. ते सुरू झालं की नवरीच्या आईचा धीर सुटायचा, आणि मग बापाचाही. वीस वर्षं आप्पांनी लोकांना असं रडवलं आणि वर बिदागी घेतली, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात मात्र हे बंद पडलं. सूत गुंडाळलेले जड लोखंडी रूळ, बीम, उचलून उचलून आप्पांना हर्निया झाला होता. एकदा ऑपरेशन झालं, वर्षाच्या आत दुसऱ्यांदा झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही आणि वाद्य फुंकायचं नाही. शेठनं त्यांना लूमवरून काढून कापडाच्या घडीखात्यात बसवलं. क्लॅरिओनेट घरात खुंटीला लागलं. आणि त्याच हिवाळ्यात आप्पांची एकुलती एक लेक मंदा हिचं लग्न ठरलं. मुलगा दोंडाईचाकडचा, लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी.

आप्पा रोज घडीखात्यात जात-येत राहिले. पण एका संध्याकाळी वाल्मिक त्यांच्या दारात कसलीशी वायर सरळ करत बसला होता, तेव्हा ते अचानक बोलले. "वाल्मिक, गावभरन्या पोरी मी वाजाडीसन सासरले धाड्यात. मन्ही आंडेर मुकीच जाई आते." गावच्या सगळ्या पोरींना वाजवून पाठवलं आणि माझीच लेक मुक्यानं जाणार, असं ते म्हणत होते. आवाजात रडं नव्हतं, नुसती हकिकत सांगावी तसं. वाल्मिकच्या हातातली वायर तशीच राहिली. त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि सकाळी तो सायकल घेऊन शहरातल्या पर्वत पाटिया भागात योगराजकडे गेला.

योगराज म्हणजे वस्तीतलाच पोरगा, आता अठ्ठाविशीचा. पर्वत पाटियाजवळ त्याचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं एक कॉम्प्युटर, एक की-बोर्ड आणि एक माईक असा संसार मांडला होता आणि अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी तो तिथंच तयार करायचा. भिंतींना जुन्या गाद्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांचं गोणपाट ठोकलेलं. तरी शेजारच्या लूमची खटखट आत यायचीच. त्या काळात सुरतेत खटखट ऐकू येत नसेल अशी जागा शोधायला नदीत उतरावं लागलं असतं.

"काका, की-बोर्डमध्ये क्लॅरिओनेटचा आवाज आहे ना," योगराज म्हणाला. "आप्पांना फुंकायची गरजच नाय. बोटं ठेवायची, बस."

आप्पांना आणलं. त्यांनी भजनातल्या पेटीच्या सवयीनं तीन बोटांनी पट्ट्या दाबल्या. आवाज बरा होता, पण पेटीसारखाच तुटक. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरणं त्यात नव्हतं. त्यासाठी की-बोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की सूर वर-खाली सरकायचा. चाक इवलंसं, आणि आप्पांच्या राकट बोटांना ते काही केल्या जुमानत नव्हतं.

इथं वाल्मिकच्या अंगात आलं. त्यानं की-बोर्ड उघडून बघितलं. चाकाच्या खाली रेडिओवाले ज्याला कंट्रोल म्हणतात तोच निघाला, आवाज कमी-जास्त करायचा असतो तसा. म्हणजे चाकाचंच काही अडलं नव्हतं, काहीही फिरवलं तरी चालणार होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भंगारातून त्यानं लूम चालू-बंद करायचा एक लोखंडी दांडा उचलला. लाकडी फळीवर तो बसवला, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावल्या म्हणजे सोडला की मधोमध येईल, खाली कंट्रोल जोडला आणि त्याची वायर की-बोर्डच्या पोटात सोडली. आप्पांनी दांड्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. पंचवीस वर्षं रोज शेकडो वेळा त्यांनी हाच दांडा ओढला होता. त्यांच्या तळव्याला तो पाठ होता.

दांडा चालला, पण सूर चालेना. आप्पा दांडा हळूहळू ओढत आणि सूर टप्प्याटप्प्यानं वर जाई. बाकी कुणाला ते फारसं कळलंही नसतं. आप्पांनी मात्र दोनदा ऐकलं आणि हात काढून घेतला. "मी घसरस रे. हाऊ ते पायऱ्या मोजी मोजी चढस."

योगराजनं खुलासा केला. की-बोर्डमधून कॉम्प्युटरकडे सूर जातच नाही, आकडे जातात. दांडा कुठं आहे ते शून्य ते एकशे सत्तावीस या आकड्यांत सांगितलं जातं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या मिळून एकशे अठ्ठावीस जागा. आप्पांना दांडा वरच्या बाजूला ओढून अख्खं सप्तक चढायचं, तर त्यांच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याच. चौसष्ट पायऱ्यांत सप्तक. आप्पांच्या कानाला त्यातली प्रत्येक पायरी लागत होती.

"मग पायऱ्या बारीक कर," वाल्मिक म्हणाला.

"आ की-बोर्डमां नय थाय, काका," योगराज गुजरातीत घसरला. वैतागला की तो गुजरातीत घसरायचा. या स्वस्तातल्या की-बोर्डमध्ये ते होणार नव्हतं, पण त्याच्या ओळखीच्या एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे जुना भारी की-बोर्ड पडून होता. त्याच्या चाकाच्या पायऱ्या शेकड्यात नव्हे, हजारांत होत्या. अर्ध्या बाजूलाच आठ हजारांच्या वर. ऑर्केस्ट्रावाल्यानं नवीन घेतला होता, म्हणून तो आखाजीपर्यंत द्यायला तयार झाला. दांडा त्या की-बोर्डला जोडला. आप्पांनी ओढला आणि सूर सरळ घसरत वर गेला. एकही पायरी नाही. खोलीत तिघंच होते, पण तिघंही एकदम ओरडले.

त्यानंतर आप्पांनी दांडा सोडून दिला, एक सूर तसाच धरून ठेवला, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. सूर थरथरत होता. दांड्याला कुणाचा हात नव्हता, तो मधोमध स्थिर होता, तरी सूर थंडी भरल्यासारखा हलत होता. योगराजनं पडद्यावर आकडे दाखवले. ते एका जागी ठरतच नव्हते, वर-खाली नाचत होते. वाल्मिकच्या लक्षात आलं. वायरमध्ये विजेचा गोंगाट आधीपासूनच होता. पायऱ्या मोठ्या होत्या तोवर तो एका पायरीच्या आतच दबून राहिला होता. पायऱ्या बारीक झाल्या तसा तो उघडा पडला. म्हणजे बारीक सूर हवा तर आधी वीज गप्प बसवायला हवी. आणि वीज गप्प बसवणं हे तर आपलं काम, असं म्हणून त्यानं बाह्या सरसावल्या.

लग्नाला तेव्हा पाच आठवडे होते. आप्पांनी एकच अट घातली होती, आणि ती दोघांकडून वदवून घेतली होती. "मंदाले काहीच सांगानं नही. तिनी वळखं ते मन्हं. नही वळखं ते मशीननं." वीस वर्षांची क्लॅरिओनेटची कमाई त्यांनी त्या एका पोरीच्या कानावर लावली होती. तिनं बापाला ओळखलं नाही, तर वाजवलंच नाही असं ते समजणार होते.

वाल्मिकनं आपल्याला येत होतं ते सगळं केलं. दांडा बसवला त्याच दिवशी त्यानं त्याला अर्थिंग दिलं होतं. लोखंडाची वस्तू, माणूस हातात धरणार, आणि तीही चिंधाआप्पांसारखा माणूस, मग अर्थिंग नको? कॉम्प्युटरचं अर्थिंग त्यानंच पूर्वी दुकानाच्या पुढच्या बाजूला करून दिलं होतं. दांड्यासाठी त्यानं मागच्या बोळात वेगळा खड्डा खणला होता, मीठ-कोळसा भरला होता, तांब्याची पट्टी पुरली होती. मनातून त्याला बरं वाटलं होतं, की दोन अर्थिंग झाली. आता त्यानं कंट्रोल बदलला, वायर बदलली, टेपरेकॉर्डरला लावतात तसली जाळीची वायर आणून घातली, ट्यूबलाइट काढून साधा बल्ब लावला. थरथर तशीच.

शेवटी त्यानं सगळं खापर लूमवर फोडलं. शेजारी शंभर मोटारी भणभणत असताना सूर गप्प कसा बसेल? आठवड्यातून एक दिवस कारखान्यांच्या विजेच्या लाइनला सुट्टी असायची. त्या दिवशी सुरतेचा तो भाग इतका शांत व्हायचा की तान्ही मुलं दचकून रडायची. दुकानांची लाइन मात्र चालू असे. त्या सुट्टीच्या दुपारी तिघं पुन्हा बसले. थरथर कमी झाली होती. गेली नव्हती.

"काका, एक उपाय आहे," योगराज बिचकत म्हणाला. "ऑर्केस्ट्रावाला बोलला. कॉम्प्युटरच्या प्लगची ती तिसरी पिन आहे ना, अर्थिंगची, ती तोडून टाकायची. सगळे तसंच करतात. गोंगाट गायब."

वाल्मिकचा आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशी चढला. "परत बोललास तर मी या दुकानाची पायरी चढणार नाही! पिन तोड, तार काप, पायात येते म्हणून काप! कोणाचा पोरगा मरतो त्याचं तुम्हाला काय?" योगराजला दत्तूची हकिकत ठाऊक होती, पण ती इतकी जवळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं की-बोर्ड बंद केला. वाल्मिक निघून गेला आणि चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत रंजनानं त्याला अर्ध्या भाकरीवरून उठताना पाहिलं, आणि एकदाच म्हणाली, "राग पोऱ्यावर का काढतस? पोऱ्यानी तार कापी व्हती का?" पाचव्या दिवशी तो पुन्हा सायकल घेऊन निघाला.

आता आखाजीला नऊ दिवस राहिले होते. ऊन नुसतं जाळत होतं. आप्पा घडीखात्यातून अर्धा दिवस घेऊन आले होते. योगराजनं की-बोर्डच्या एका पट्टीवर कुलूप ठेवलं होतं म्हणजे सूर सारखा वाजत राहील, आणि दोघं तो थरथरता सूर ऐकत बसले होते. वाल्मिक आला, सवयीनं माठातला लोटा भरून मागच्या बोळात गेला. दांड्याच्या खड्ड्यातली माती उन्हानं तडकली होती. त्याला तिची दया आली. त्यानं सगळा लोटा त्यात ओतला.

खिडकीतून आप्पांचा आवाज आला. "वाल्मिक, काय करं रे तू? आते जास्ती थरथरस!"

वाल्मिक जागच्या जागी थांबला. मग आत गेला, दुसरा लोटा भरून आणला आणि ओतता ओतता विचारलं, "आते?"

"आखो वाढनं," आप्पा म्हणाले. आणखी वाढलं.

तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. जमिनीत पाणी झिरपत होतं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडत होता. पुढं एक अर्थिंग, मागं एक अर्थिंग. आजूबाजूच्या शंभर मोटारींची झिरपलेली वीज त्या जमिनीत, आणि दोन्ही खड्ड्यांतली जमीन सारखी नाही. मग ती वीज एका खड्ड्यातून वर यायची, कॉम्प्युटरमधून, की-बोर्डमधून, दांड्याच्या वायरमधून फिरून दुसऱ्या खड्ड्यात उतरायची. सुट्टीच्या दिवशीही गल्लीतले कूलर आणि पंप चालू असत, म्हणून ती तेव्हाही पुरती थांबली नव्हती. आप्पांचा सूर थरथरवणारी वाट शेजारच्या लूमनी केली नव्हती. ती त्यानं स्वतः खणली होती, वर तिला रोज पाणी पाजलं होतं. जितकं पाणी तितकी वाट मोकळी.

इलाज पाच मिनिटांचा होता. दांड्याची ती तार खड्ड्यातून सोडवायची. पक्कड त्याच्या खिशातच होती. त्यानं ती काढली, तारेला लावली, आणि हात चालेना. दत्तू गेल्यापासून चौदा वर्षं त्यानं अर्थिंगची तार सोडवणाऱ्या हाताला शिव्या दिल्या होत्या, आणि आज तो हात त्याचाच होता. योगराज दारात येऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळानं वाल्मिकनं तार सोडवली. पण मोकळी सोडली नाही. ती खोलीतून पुढं नेली आणि जिथं कॉम्प्युटरचं अर्थिंग होतं त्याच बोल्टला तिचं टोक आवळलं, दोनदा हलवून बघितलं. दांड्याचं अर्थिंग कायम राहिलं, फक्त आता दोघांचं मिळून एकच होतं. मग तो म्हणाला, "लूमले दोन. याले एकच."

कुलूप अजून पट्टीवर होतं. सूर वाजत होता, आणि तो हलत नव्हता. पडद्यावर आकडा एका जागी बसला होता. आप्पांनी डोळे मिटले. वाल्मिकनं मागच्या बोळात जाऊन तो खड्डा स्वतःच्या हातानं बुजवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कॅसेटवर भरण्यासाठी आप्पांनी बोळवणीची चाल वाजवली. उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर, डावा हात दांड्यावर. सूर खालून निघाला आणि कुठं पाऊल न टेकता वर चढला. वाल्मिकला वस्तीतल्या सगळ्या पोरी आठवल्या, त्यांचे हळदीचे पाय, टेम्पोत चढवलेली कपाटं. आणि वर पोचल्यावर, खाली घसरण्याच्या जरा आधी, सूर थरथरला. इवलासा, पण थरथरला.

"परत आला!" योगराज ओरडला. त्यानं पडदा दाखवला. दांड्याची सगळी रेघ गुळगुळीत आणि त्या एका जागी तिला बारीक लाटा. "चिंता नाय, माऊसनं सरळ करून टाकतो. दोन मिनिटं."

वाल्मिकनं त्याचा हात धरला. आप्पांना दांडा सोडायला सांगितलं, पट्टीवर कुलूप ठेवलं आणि पडद्याकडे बघितलं. आकडा स्थिर. त्यानं वायर हलवून बघितली, बोल्ट बघितला. स्थिर. मग त्यानं आप्पांच्या हाताकडे बघितलं. आप्पाही आपल्या हाताकडेच बघत होते.

"सरळ करी टाक रे," आप्पा ओशाळून म्हणाले. "म्हतारपनना हात शे."

"नही," वाल्मिक म्हणाला. "तुमचं नव्हतं ते सगळं मी काढलं आप्पा, महिनाभर तेच केलं. हे तुमचं आहे, क्लॅरिओनेटातही इथंच यायचं. हे काढायचं नाही." आणि तो बल्बच्या बटणाशी काहीतरी करत बसला. योगराजनं माऊसवरचा हात काढला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी भेस्तानच्या मैदानात मंदाचं लग्न लागलं. बँड दुसऱ्या वस्तीतला होता, बरा होता. जेवणं झाली, आहेर झाले, आणि बोळवणीची वेळ आली. मंदा सकाळपासून रडली नव्हती. बापाचं क्लॅरिओनेट वाजणार नाही हे तिनं केव्हाच मनाशी मान्य केलं होतं आणि त्या मुक्या वाटेनं ताठ मानेनं जायचं असं ठरवून ती उभी होती. आप्पा मांडवाच्या मागच्या खांबाआड जाऊन उभे राहिले. त्यांना तिच्या तोंडाकडे बघायची छाती नव्हती. वाल्मिक मांडववाल्याच्या ॲम्प्लिफायरपाशी होता. त्यानं तिसरी पिन आहे ना ते सकाळीच तीनदा बघून घेतलं होतं. योगराजनं कॅसेट घातली.

भोंग्यातून सूर निघाला. बायका बोलायच्या थांबल्या. मंदानं टेम्पोकडे दोन पावलं टाकली होती, ती आणखी एक पाऊल चालली. सूर वर चढत होता. वाल्मिकचे डोळे तिच्या पाठीला खिळले होते. ती चालतच होती. मग सूर वर पोचला आणि थरथरला.

मंदा गर्रकन मागं फिरली. तिनं भोंग्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माणसांच्या गर्दीत, खांबांआड, खुर्च्यांमध्ये कुणाला तरी शोधत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता, भीती होती. हळदीचे हात पसरून ती वऱ्हाडातल्या सगळ्या माणसांदेखत किंचाळली.

"आप्पाले कोनी फुकू दिधं? टाका तुटतीन ना त्यासना!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. आप्पांना कोणी फुंकू दिलं, त्यांचे टाके तुटतील, असं ती नवऱ्या मुलाच्या मामाला, बँडवाल्यांना, दिसेल त्याला खडसावत होती. तेव्हा चिंधाआप्पा खांबाआडून बाहेर आले. त्यांचं तोंड पार भिजलं होतं. लेकीला दिसावे म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले होते. हात रिकामे होते, आणि मागं सूर अजून वाजत होता.